करवंदला दुखत नाही

२ डिसेंबर

झकास जागा आहे. रिक्षावाल्याने मुलुंडच्या शेवटच्या टॉवरच्या गेटपाशी सोडलं आणि म्हणाला, पुढे रस्ता नाही मॅडम, डोंगर आहे. रस्ता आहे. कच्चा आहे, लिदीने माखलेला आहे, पण आहे. त्याच्या टोकाला पत्र्याचा तबेला, रेतीचं गोल मैदान, पाच घोडे आणि आल्याच्या चहाचा वास. इतके दिवस घाटकोपरच्या क्लिनिकमध्ये गुडघे बदललेल्या आजोबांना पाय उचला, पाय ठेवा करत होते. आता पेशंट एकच, आणि ती घोडी. आई म्हणाली, फिजिओथेरपीची ॲडमिशन घोड्यांचे पाय चेपायला घेतली होतीस का. मी म्हटलं, घोडे निदान सुनांच्या तक्रारी करत नाहीत.

हा चंद्रप्रकाश काकांचा रायडिंग क्लास. काका साठीचे, बारीक, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. वडील कुडाळहून गिरणीत आले. हे मात्र गिरणीऐवजी रेसकोर्सच्या तबेल्यात रमले, आणि मग स्वतःचे घोडे घेऊन इथे डोंगराच्या कडेला आले. रविवारी टॉवरमधली मुलं हेल्मेट घालून गोल गोल फिरतात. घोड्यांची चंदी, चहा, फोन आणि काकांना बोलणी, हे सगळं रत्नप्रभा काकू बघतात. बसल्या बसल्या मला सांगून टाकलं, की लग्नात ह्यांनी मला टॅक्सीतून आणलं आणि पहिली घोडी आणली ती हार घालून, बॅंड लावून. काका खाली बघून हसत होते.

त्या पहिल्या घोडीची पोर म्हणजे करवंद. काळी, पण उन्हात अंगावर जांभळी झाक येते. आई बाळंतपणात गेली आणि हिला काकूंनी बाटलीने दूध पाजून वाढवलं. अजून काकू दिसल्या की ती खालचा ओठ सैल सोडते, बाळासारखा. ऑक्टोबरमध्ये तिच्या पुढच्या डाव्या गुडघ्यातल्या हाडाचा टवका उडाला. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं, टवका काढला, तेव्हापासून आतच बांधून आहे. तिला परत खोगिराखाली आणायचं हे माझं काम.

काकूंना समजावून सांगितलं, की घोड्याचा पुढचा गुडघा म्हणजे खरं तर आपलं मनगट. तशीच छोटी छोटी हाडं, दोन रांगांत. आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. घोडा जन्मभर नखावर उभा असतो. काकू म्हणाल्या, त्यात काय, बाईमाणूस पण तसंच.

कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होते तेव्हाची मांड अजून आहे का, काकांनी विचारलं. आहे म्हटलं. मग ती फिट झाली की पहिली रपेट तुझी, म्हणाले. मी आज येताना डोंगराकडे बघून एकटीच हसत होते.

४ डिसेंबर

आज करवंद बाहेर आली. त्याआधी गाऱ्हाणं. काकांकडे कुठलंही नवं काम त्याशिवाय सुरूच होत नाही. तबेल्याच्या दारात केळीच्या पानावर नारळ, अगरबत्ती, आणि काका हात जोडून देवाशी मालवणीत मोठ्याने बोलायला लागले, म्हणजे अगदी शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. ते एक वाक्य म्हणायचे आणि आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आम्ही म्हणजे काकू आणि मी. निहार, आमचा घोड्यांचा डॉक्टर, बोरिवलीचा, माझ्याच वयाचा, गेटपाशी फोनवर कुणाच्या तरी पग कुत्र्याबद्दल बोलत होता आणि मला बघून दात काढत होता.

मी आवाज चढवून म्हणत होते. मला फार आवडलं. शेवटी काकांचा आवाज बदलला. करवंदच्या कपाळावर तळवा ठेवला आणि म्हणाले,

"बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जनावराक सांगूक येणा नाय. तिका दुखू देव नको. जां काय तिच्या वाट्याक येतला, तां आमच्या वाट्याक येवंदे."

"व्हय म्हाराजा."

मी काकूंच्या आधी म्हटलं. खोबरं-गूळ खाल्लं. मग तिची दोरी हातात घेतली आणि आम्ही रेतीत उतरलो. ती लंगडत होती, थोडीशी, मान प्रत्येक पावलाला वर उडत होती. काकू तिकडे बघत नव्हत्या.

१० डिसेंबर

रूटीन बसलं. सकाळी खरारा, गुडघ्याला बर्फ, मग सोसायटीच्या डांबरी रस्त्यावर हळू चालवणं. डांबर का, तर आवाज ऐकू येतो. चारही टापा सारख्या वाजल्या पाहिजेत. लंगडणारा घोडा डोळ्यांनी नंतर कळतो, कानाला आधी. मॉर्निंग वॉकवाली माणसं थांबून तिला बिस्किटं देतात, एक आजोबा रोज विचारतात, लग्नाला देता का हो. वॉचमनने आता तिला सलाम ठोकायला सुरुवात केली आहे.

आणि ऐक, आज टापा सारख्या वाजल्या. एकदम सारख्या. मी तीनदा रस्ता बदलून बघितलं. मान स्थिर. एवढ्या लवकर सुधारणा मी माणसांत बघितली नाही. निहारला फोन केला तर म्हणाला, ए बाई, तुझ्या हाताला गुण आहे, मला पण पाठ चेपून दे.

डावं मनगट थोडं आखडलंय. दोरी डाव्या हाताने धरते, त्याचं असणार.

१८ डिसेंबर

जमिनीवर टाकलेल्या बांबूंवरून ती पाय उचलून जाते, जणू गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं. आज निहारने गुडघा पूर्ण दुमडून बराच वेळ धरून ठेवला, मग सोडून लगेच पळवायला लावलं. सांध्यात काही शिल्लक असेल तर या टेस्टला घोडा लंगडतोच. करवंद तरंगत गेली. निहार खुश. एक्स-रेचं मशिन नाशिकला गेलंय, ते आलं की फोटो काढू, पण हरकत नाही, हळूहळू बस तिच्यावर, म्हणाला.

तो गुडघा दुमडून धरत होता तेव्हा माझ्या मनगटात अशी कळ गेली की मी खांबाला टेकले. तिकडे स्वयंपाकघरात काकूंच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. काका मैदानात डावा हात काखेत दाबून उभे होते.

संध्याकाळी तिघांच्या डाव्या मनगटांवर मीच टेप लावला. काकू म्हणाल्या, काय गं रेवती, तुझी साथ आली की काय आम्हाला. खूप हसलो. मी म्हटलं थंडी आहे, वय आहे. माझं वय काय आहे पण?

२७ डिसेंबर

बसले!

लिहायला शब्द नाहीत, तरी लिहिते. काकांनी पाय धरून वर चढवलं. ती वळून माझ्या बुटाचा वास घेत राहिली. आधी चालणं, मग मी काहीही न सांगता तिने स्वतःच दुडकी धरली, ट्रॉट, एकदम सरळ, कान पुढे. घोडी नाही ती, कुणीतरी खाली ढोलकी हळू वाजवतंय. डोंगरावरून वारा येत होता आणि काकू पदराने डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या, डाव्या तळव्यावर नाही, मांडीवर.

कारण डावा हात कुणाचाच उचलत नाहीये.

प्रत्येक वेळी तिचा डावा पाय रेतीवर पडला की माझ्या मनगटात कुणीतरी खिळा ठोकत होतं. बरोबर त्याच तालात. टाप, कळ. टाप, कळ. मी उतरायला हवं होतं. नाही उतरले. ती इतकी आनंदात होती, आणि मीसुद्धा.

३ जानेवारी

काल तिला विश्रांती दिली होती. काल तिघांचंही काही दुखलं नाही. हे मी लिहून ठेवते आणि पुढे जाते.

आज नालबंद आला होता. डाव्या पुढच्या खुराला नाल मारताना एक खिळा वाकडा आत गेला, जिवंत भागात. असं होतं कधीकधी. घोडा अशा वेळी लाथ मारतो, हिसडा देतो. करवंद पेंढा चघळत होती. मी किंचाळले. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाखाली कुणीतरी सुई घालून फिरवल्यासारखं. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, तबेल्याच्या मागून काकांचा. तिघांचाही एकाच क्षणी. नालबंद खिळा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. खिळ्याला रक्त होतं, तिचं. तिने पाय सोडवूनसुद्धा घेतला नव्हता.

माझं नख मी बराच वेळ बघितलं. नखाला काहीच झालेलं नाही.

५ जानेवारी

काकांना विचारलं. ते चंदी भिजवत होते, थांबले नाहीत. पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणाले. देवाने ऐकलं, यात घाबरण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, मला विचारलं नाहीत. ते म्हणाले, तू आमच्या आधी हो म्हणालीस. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता,

"आपल्याला कण्हता येतं पोरी. गोळी घेता येते. तिला काय येतं?"

मी रोज तिच्या डोळ्यात बघते.

काकूंनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, की नको असेल तर परत देता येतं. त्यांच्या गावात असं होतं, कुणाचं आजारपण चार जण वाटून घेतात. परत द्यायचं तर तिच्या कपाळावर हात ठेवून तोंडाने म्हणायचं, माझा वाटा परत. मग तेवढं तिच्याकडे जातं. कुणी तुला नावं ठेवणार नाही, म्हणाल्या, तू काय आमच्या घरची नाहीस.

आईचा फोन आला. हाताला काय झालं विचारत होती. मुरगळलाय म्हटलं.

गेले करवंदकडे. हात ठेवला. तिने सगळं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि सुस्कारा सोडला, गरम, भिजलेल्या हरभऱ्याचा वास. राहू दे. बरी होतेय ना. बरी झाली की दुखायचं कारणच उरणार नाही, मग आम्हालाही नाही. थोडे दिवस.

१४ जानेवारी

तिळगूळ दिला तिला. रोज रपेट चालू आहे, तिलाच थांबायचं नसतं. पण दुखणं कमी होत नाही, वाढतंय. गोळ्यांनी जात नाही, कारण जिथे दुखतंय तिथे काही नाहीच. घाटकोपरच्या क्लिनिकमधल्या सरांकडे जाऊन मनगटाचा फोटो काढून आले. स्वच्छ. पाठ्यपुस्तकात छापावं असं मनगट.

मग हे कुठून—

तिचा फोटो पाहिजे. लवकर.

१९ जानेवारी

मशिन आलं. निहारने तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं, हलू नये म्हणून. मी प्लेट धरून उभी होते. एवढंच आठवतं.

गालाला रेती. ऊन डोळ्यावर. निहार माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. काका भिंतीला टेकून घोरत होते. काकू ओट्यापाशी खाली पडल्या होत्या, गॅस चालू, दूध जळून काळं. नशीब निहार धावला. आणि करवंद टक्क जागी. दोरी चावत उभी. तिला इंजेक्शन लागलंच नव्हतं. आम्हाला लागलं होतं.

निहार म्हणाला, तुम्ही लोकांनी काय खाल्लं. मग तिच्या पायाचा फोटो काढला, ती तशीच शांत उभी राहिली, आणि त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली.

मला एक्स-रे वाचता येतो. तिथे गुडघा नव्हता. छोट्या हाडांच्या त्या दोन रांगा मिळून बुक्की मारलेल्या बिस्किटासारख्या झाल्या होत्या. सांध्यात भुगा. निहारचा आवाज चढला, की हिला उभंसुद्धा राहता यायला नको, तू हिला पळवतेस? टेस्ट केल्या होत्यास ना? मी म्हटलं, तूच केल्यास. आमच्या सगळ्या टेस्ट एकच गोष्ट विचारतात, दुखतंय का. तिला दुखत नाही रे. तिला काहीच दुखत नाही.

मला वेड लागलंय असं त्याला वाटलं असणार.

काका उठून बसले होते, त्यांनी ऐकलं. कुणालाच उद्देशून नाही, असे म्हणाले,

"दुखू देऊ नको, एवढंच मागितलं. बरी कर म्हणायचं राहूनच गेलं."

२० जानेवारी

निहार म्हणतो, हलली नाही, अगदी हलली नाही, तर काही महिन्यांनी सांधा आपोआप जखडेल. पळणार नाही, पण जगेल. गवत खाईल. म्हणजे फक्त उभं राहायचं.

पण तिला कोण सांगणार? पाय दुखला की जनावर स्वतःच पाय उचलून धरतं. तिला तर वाटतंय ती बरी आहे. आत बांधली तर दोरी तोडते. दारावर त्याच पायाने लाथा मारते. धाड, आणि आम्ही तिघं तिथल्या तिथे बसतो. परत धाड. बाहेर चल म्हणते. रपेटीची वेळ झाली ना, म्हणते. मीच लावलेली सवय आहे ती.

दुखायला हवं तिला. थोडंसं. माझा वाटा तरी.

२१ जानेवारी

दुपारी गेले. कपाळावर हात. म्हटलं, माझा वाटा परत.

माझं मनगट हलकं झालं. इतकं हलकं की मी हसले. मग तिच्याकडे बघितलं.

आधी कान मागे गेले. मग कातडी थरथरली, खांद्यापासून सुरू होऊन पोटापर्यंत. घाम फुटला, थंडीत, धार लागली. डावा पाय उचलून धरला तिने आणि तो हवेत कापत होता. म्हणजे मला हवं होतं तेच झालं. ती हलत नव्हती. जगली असती. काही महिने अशीच, पाय धरून, घामात, आणि जगली असती.

तिने आवाज केला नाही. फक्त मान वळवून माझ्या हाताकडे बघत राहिली. ज्या हाताने रोज गूळ दिला.

आणि हा नुसता माझा वाटा होता.

नाही जमलं. माझ्याच्याने नाही जमलं. परत हात ठेवला आणि हो म्हणाले. या वेळी कळून सवरून. ते परत माझ्यात शिरलं, कोपरापर्यंत, दातांपर्यंत. तिने पाय खाली टेकला. माझ्या खिशात तोंड घातलं, गूळ शोधायला.

काकू दारात उभ्या होत्या. कधीपासून माहीत नाही. म्हणाल्या, "मी पण केलं होतं. मागच्या आठवड्यात. मला पण नाही बघवलं."

२४ जानेवारी

पायाला फळी बांधली. चावून काढली. पोत्याने डोळे बांधले. डोकं घासून काढलं.

लाथ. लाथ.

काकांनी जेवण सोडलंय. काकू त्यांना भरवतात, उजव्या हाताने, आणि म्हणतात, एक बाटलीवर वाढवली, आता दुसऱ्याला पण भरवायचं. काका हसतात. अजून हसतात.

मी एका अंगठ्याने फोनवर लिहितेय. घरी गेलेच नाही. आईला सांगितलं काम आहे.

करवंद, गप उभी राहा ना गं. एवढंच काम आहे तुला. उभं राहायचं.

२६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन होतं. मुलांना फिरवायला बाकीचे घोडे बाहेर काढले. तिने त्यांना जाताना बघितलं. कान पुढे. मी पळत—

तबेल्याच्या अर्ध्या दारावरून उडी मारली तिने. इतकी सुंदर उडी. पलीकडे पडताना पुढचे पाय आधी टेकले.

आवाज झाला. नारळ फोडावा तसा.

तिघंही खाली पडलो. काका ओकले. काकू 'आई, आई' करत होत्या. माझं मनगट तुटलं, तुटलं नाही, तुटलं, बघितलं तर जागच्या जागी आहे, आणि तुटलेलं आहे.

तू उठलीस. तीन पायांवर. चौथा नुसता कातडीला लोंबतोय, वाऱ्यावर हलतोय. आणि तू कुंपणाच्या कडेचं गवत खातेस. शांत. सोसायटीतून जन गण मन ऐकू येतंय आणि तू गवत खातेस, आणि कान पुढे आहेत.

२६, दुपार

निहार निघालाय. यात आता एकच करता येतं, असं तो फोनवर म्हणाला. सॉरी म्हणाला. रडत होता.

मानेत सुई. घोडा खाली बसतो, झोपतो, संपतो.

पण गुंगीचं इंजेक्शन कुणाला लागलं होतं? जे तिच्या वाट्याला येईल ते. जे काय येईल ते. दुखणंच फक्त असं कुठे म्हटलं होतं त्यांनी. आणि आम्ही हो म्हटलं.

काका म्हणतात, तुम्ही दोघींनी परत द्या, माझं मी बघतो. एकाच्यात भागेल. काकूंनी त्यांना एक शिवी दिली, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मग त्यांच्या डाव्या हाताला धरून बसल्या. दोघंही कळवळले, पण सोडला नाही.

मी सांगितलं, तिघांनी एकदम परत द्यायचं. निहारने सुई टेकवली की. तिला सगळं एकदम कळेल. मोडलेला पाय. सगळं. पण एक क्षण. एकच. मग ती झोपेल. तिचं मरण तिचं तिला मिळेल.

काकू हो म्हणाल्या. काकांनी मान हलवली, पण कुणाला माहीत. काका खोटं बोलतात, तिच्या बाबतीत.

निहार आला. ऐकतोय, पण विश्वास ठेवत नाही. त्याला वाटतं आम्ही दुःखाने काहीबाही बोलतोय.

आम्ही तिघं तुझ्याजवळ. हात तुझ्या कपाळावर, एकावर एक. माझा डावा कसाबसा टेकवलाय, उजव्या हातात फोन.

निहारने सुई टेकवली. काकू म्हणाल्या, माझा वाटा परत. त्यांचं झालं.

तुझी पापणी फडफडली. तू पहिल्यांदाच कण्हलीस. घोड्यांचं कण्हणं इतकं माणसासारखं असतं, मला माहीत नव्हतं. काकूंनी तोंड पदरात घातलं.

काका बोलत नाहीत. ओठ मिटलेत. मी म्हटलं काका, काका बोला. ते तुझ्याकडे बघून हसतायत.

मग मीच. माझा तरी.

तीन शब्द आहेत. तू बघतेस माझ्याकडे. लिहीत राहिले की बोलावं लागत नाही.

निहार विचारतोय, देऊ ना. काकू मान हलवतात.

बोलते. आता बोलते. तू डोळे मीट ना आधी, तू बघत असताना कसं

मानेत गार वाटतंय

काका बसले खाली. हळूच. भिंतीला टेकून बसावं तसे, भिंत नाही तिथे

करवंद तू अजून उभीच

निहार ओरडतोय, पडत का नाही ही, पडत का

गवत खा बाळा. खा. मी बोलणार होते, खरंच मी आत्ता